तेरावा धक्का

ही गोष्ट मी रचलेली नाही. रचता आली असती तर निदान शेवट तरी जरा बरा केला असता.

मी वीज मंडळात तेहतीस वर्षं लाइनमन होतो. भर पावसात खांबावर चढलोय, स्मशानाला लागून असलेल्या डीपीवर एकट्याने काम केलंय. मला कधी काही दिसलं नाही की ऐकू आलं नाही. भुताच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी यथेच्छ टिंगल करायचो.

पण ही गोष्ट मला आबांनी सांगितली. माझ्या वडिलांनी. जायच्या चार दिवस आधी, खाटेवर पडल्या पडल्या, माझं मनगट घट्ट धरून.

तारीख त्यांना पक्की आठवत होती. सहा मे एकोणीसशे चौसष्ट. बुधवार. तेव्हा नंदुरबार वेगळा जिल्हा झालेला नव्हता, सगळा कारभार धुळ्याहून चालायचा. गाव तापीच्या काठावर, प्रकाशाच्या जवळ. नाव सांगत नाही. आमचं घर अजून तिथेच आहे.

आणि वेळ...

वेळ रात्रीची नव्हती. भर दुपारचे बारा वाजले होते.

तेव्हा ते आबा नव्हते. नुसते सुकलाल होते, सत्तावीस वर्षांचे. म्हणून पुढे मी नावानेच सांगतो.

सुकलाल गुजर शेतकऱ्याच्या घरातला. केळी, कापूस, ऊस, दारात बैलजोड्या. पण याचा जीव शेतीत कधी रमला नाही. बडोद्याला जाऊन विजेचं शिकला आणि डोक्यात एक खूळ घेऊन घरी परतला.

गोल फिरणारी मोटर सगळ्यांनाच माहीत आहे. सुकलाल म्हणायचा, तीच मोटर उभी चिरून जमिनीवर सपाट अंथरली तर? ती फिरणार नाही. सरळ पळेल.

लोकांना हे ऐकून हसू यायचं. मोटर म्हणजे काय चटई आहे का, अंथरायला?

पण त्याने करून दाखवलं. घराला लागून कापूस ठेवायचं लांबलचक गुदाम होतं. त्यात त्याने लाकडी रूळ टाकला. रुळाच्या मध्ये एकापुढे एक बारा चुंबकं बसवली. वरून पितळी चाकांची छोटी गाडी, गाडीच्या पोटात लोखंडी पत्र्यावर गुंडाळलेली तांब्याची तार. शहाद्याहून चार्ज करून आणलेल्या ट्रकच्या दोन बॅटऱ्या जोडल्या, की गाडी रुळावरून आपोआप पळायची. खटका उलटा केला की परत यायची. ना इंजिन, ना पट्टा, ना धूर.

पळायची खरी, पण हिसके देत.

प्रत्येक चुंबक गाडीला आधी जवळ ओढायचं आणि नंतर सुटू द्यायचं नाही. बारा चुंबकं, बारा धक्के. गाडीवर पाण्याने भरलेली वाटी ठेवली तर दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत निम्मं पाणी खाली.

बडोद्याच्या त्याच्या सरांना अशी गाडी औषधाच्या बाटल्यांसाठी हवी होती. भरलेली बाटली पुढे सरकली पाहिजे आणि थेंब सांडता कामा नये. सरांनी पत्रात लिहिलं होतं, "धक्का घालव, सुकलाल. धक्का गेला की तू माझ्याकडे. राहायला जागा मी देतो." ते शुक्रवारी, आठ तारखेला, स्वतः बघायला येणार होते.

एवढं काय त्या धक्क्याचं, असं तुम्हाला वाटेल.

गुदामाच्या भिंतीपलीकडे बाळंतिणीची खोली होती. तिथे सुकलालची बायको सरलाबाई अकरा दिवसांच्या पोराला घेऊन निजली होती. हे तिसरं. पहिलं नवव्या दिवशी गेलं होतं, दुसरं तिसऱ्या आठवड्यात. दोन्ही वेळेला एकच कारण. तिला दूधच यायचं नाही. मेथी झाली, डिंक झाला, झाडपाला झाला. शेळीचं दूध कापसाच्या वातीने पाजलं, तर पोर ओकून टाकायचं. शहाद्याच्या डॉक्टरने हात टेकले. म्हणाला, बडोद्याच्या मोठ्या दवाखान्यात न्या, नाहीतर आशा सोडा.

पण सव्वा महिन्याच्या आत बाळंतिणीला नदी ओलांडू द्यायला सुकलालचे वडील तयार नव्हते. परक्या शहरात उतरायचं कुठे, हा त्यांचा पहिला सवाल. सरांनी जागा दिली असती तर त्यांचं तोंड बंद झालं असतं.

म्हणून तो धक्का.

"कालपाईन पोऱ्याना पोटमा थेंब बी टिकना नही," सरलाबाई म्हणाली. ती आता रडतही नव्हती. "तुमी मोटर करत बठा."

"शुक्रवारले सर येतीन. गाडी नीट पळनी ना, आपन बडोदे जासूत," सुकलाल म्हणाला. "तठे मोठा दवाखाना शे."

तिने भिंतीकडे तोंड फिरवलं.

आता त्या चुंबकांचं सांगतो, कारण सगळं तिथूनच सुरू झालं.

अकरा चुंबकं सुकलालने सुरतच्या भंगार बाजारातून आणली होती. बारावं त्याच ताकदीचं मिळेना. तेव्हा त्याला आठवलं, आपल्याच मळ्यात विहिरीवर रॉकेलचं जुनं इंजिन गंजत पडलंय. सहा वर्षं ते कुणी चालू केलं नव्हतं. त्याच्या पट्ट्यात पदर अडकून एक मजूर बाई गेली होती. सुकलाल तेव्हा बडोद्याला शिकत होता. घरून पत्रात एका ओळीत कळवलं होतं, एवढंच. बाईचं नावही त्याला माहीत नव्हतं.

त्याने इंजिनाचं मॅग्नेटो, म्हणजे ठिणगी पाडणारं यंत्र, उघडलं. आत नालाच्या आकाराचं चुंबक होतं, लाल रंग दिलेलं. सहा वर्षं पडून राहूनही असं जबरदस्त, की पकड हातातून ओढून घेतली. सुकलाल खूश झाला.

त्याने ते रुळाच्या शेवटी बसवलं. भिंतीला सगळ्यात जवळ.

त्याच संध्याकाळी खात्या गुदामात आला. खात्या तोरणमाळच्या पायथ्याचा आदिवासी, आमच्याकडे वर्षानुवर्षं सालाने कामाला. तो दारातच थबकला.

"भाऊ... जुना इंजिननं शे का हाई लाल?"

"हां. काबर?"

खात्या दारातूनच मागे फिरला. त्या दिवसापासून त्याने गुदामात पाय ठेवला नाही. सुकलालने हाक मारली तर उंबऱ्याबाहेर उभा राहायचा. सुकलालला वाटलं, विजेला भीत असेल.

महिनाभर तो धक्क्यांच्या मागे लागला. चुंबकं सरळ आडवी न ठेवता थोडी तिरकी बसवली, म्हणजे गाडीची एक कड सुटते न सुटते तोच दुसरी कड पुढच्या चुंबकाने धरलेली असावी. मधली अंतरं कमी-जास्त केली. एकेक चुंबक केसभर हलवायचं, गाडी सोडायची, वाटीतलं पाणी बघायचं. आणि कान लावायचा. फिटर लोक लाकडी दांड्याचं एक टोक यंत्राला टेकवतात आणि दुसरं कानाला. आतलं सगळं ऐकू येतं. सुकलालही तासन् तास दांडा कानाला लावून रुळाशेजारी पालथा पडलेला असायचा. गडीमाणसं म्हणायची, शेठचा पोरगा जमिनीशी बोलतो.

हळूहळू धक्के मरत गेले. बाराचे आठ झाले. आठाचे तीन. मग एक दिवस पाण्यावर नुसती बारीक सुरकुती उठली आणि विरली.

बारा धक्के गेले.

आणि तेव्हा...

तेरावा ऐकू आला.

शेवटचं लाल चुंबक ओलांडून गाडी भिंतीकडे सरकायची. तिथे वीतभर मोकळा रूळ होता. चुंबक नाही, खिळा नाही, काहीच नाही. तिथे गाडी अडखळायची. लहानसा, मऊ धक्का. कुणी समोरून तळहात लावावा तसा.

गाडी भिंतीपासून परत यायची तेव्हा मात्र त्याच जागेवरून अलगद निघून जायची.

यानेच सुकलालची झोप उडाली. चुंबकाचा धक्का जाताना बसतो तसा येतानाही बसतो. चुंबकाला जाणं-येणं कळत नाही.

हा धक्का फक्त जाताना बसत होता. भिंतीकडे जाताना.

इथेच सुकलाल भ्यायला असता तर पुढचं सगळं टळलं असतं. पण त्याला खूळ लागलं की लागलं. त्याने ठरवलं, आसपासचं लोखंड गाडीला ओढतंय. गुदामातून लोखंड बाहेर काढायला सुरुवात केली. हातोडी, पकडी, नांगराचा फाळ, काट्याची वजनं, दाराची कडी, शेवटी चपलेतले खिळे.

तेरावा धक्का जागचा हलला नाही.

बुधवारी सकाळी सगळं गुदाम रिकामं करून तो डोक्याला हात लावून बसला. सर येणार परवा. भिंतीपलीकडे पोर कण्हत होतं. रडायचीही ताकद उरलेली नव्हती, नुसतं मांजराच्या पिलासारखं बारीक कण्हणं. अकरा दिवस तो आवाज घरात अखंड चालू होता.

आणि त्याला विळा आठवला.

बाळंतिणीच्या खोलीत लोखंड ठेवतात. आमच्याकडे आजही ठेवतात. पाळण्याखाली विळा, कोयता, काही ना काही. बाहेरचं काही आत येऊ नये म्हणून. पोर जन्मलं त्याच दिवशी सुकलालच्या आईने, अनुसयाबाईने, पाळण्याखाली विळा ठेवला होता आणि त्याला बजावलं होतं.

"हाऊ विळा आठून हालवानं नही बरं. सव्वा महिना होई तवलोंग नही."

"माय, लोखंडनं काय काम?"

"काम शे म्हनीसन ठेवेल शे. तू तुन्हं काम कर."

पाळणा भिंतीला लागूनच होता. आणि रुळाचं टोक बरोबर त्याच्या समोर, भिंतीच्या अलीकडे.

मातीची भिंत दीड हात जाड. एवढ्या जाडीपलीकडून विळा गाडीला ओढणं शक्य नाही, हे सुकलालला शिकवलेलं होतं. शिक्षण नाही म्हणत होतं. पण दुसरं काही उरलंच नव्हतं.

बारा वाजत आले होते. अनुसयाबाई प्रकाशाला एका मयतीला गेलेली. वडील शहाद्याला. खात्या मळ्यात. अंगणात उन्हाने कुत्रं सुद्धा फिरकत नव्हतं.

तो पावलं न वाजवता खोलीत गेला. सरलाबाईला ग्लानी आली होती. वाकून त्याने पाळण्याखालचा विळा उचलला.

पोर कण्हायचं थांबलं.

त्याला वाटलं, झोप लागली असेल.

विळा त्याने लांब गोठ्यात नेऊन ठेवला. गुदामात परत आला. वाटी काठोकाठ भरली. गाडीवर ठेवली. खटका दाबला.

गाडी निघाली. पहिलं चुंबक... पाचवं... दहावं... लाल चुंबक...

मोकळा रूळ.

पाणी हललं नाही.

सुकलाल तिथेच गुडघ्यावर बसला आणि ढसाढसा रडला. महिन्याभराची मेहनत, परवा सर, बडोदा, दवाखाना... पोर वाचलं, एवढंच त्याच्या मनात आलं. खटका उलटा करून त्याने गाडी परत आणली. परत सोडली. वाटीतलं पाणी आरशासारखं स्थिर.

खटका बंद केला. गाडी भिंतीजवळ थांबली.

शांतता.

आणि भिंतीपलीकडून...

कुर्र... कुर्र...

पाळण्याची दोरी. कुणीतरी पाळणा हलवत होतं.

सरला उठली असेल, त्याला वाटलं. तो ऐकत राहिला. झोक्याची लय इतकी एकसारखी होती, की त्याच्या कानाने आपोआप मोजायला सुरुवात केली. हाताने हलवलेला पाळणा असा हलत नाही. कुठेतरी हात चुकतो. हा अजिबात चुकत नव्हता.

मग दुसरा आवाज आला. त्याने लाकडी दांडा उचलून भिंतीला लावला, कानाला टेकवला.

चुक्... चुक्... चुक्...

पोर दूध पीत होतं.

दांडा टाकून तो धावला.

तो खोलीच्या दारात पोचला तेव्हा सरलाबाई होती तशीच पडलेली होती, पाठ पाळण्याकडे करून. खोलीत दुसरं कुणी नव्हतं.

पाळणा हलत होता.

पोराचे डोळे उघडे होते. वर बघत होतं. तोंड हलत होतं, घोट घेत होतं, ओठांपुढे मात्र काहीच नव्हतं. कोपऱ्यातून दुधाचा एक ओघळ गालावर आला होता. आणि खोलीत वास होता. बाळंतशेपा नाही, धुरी नाही.

रॉकेलचा वास.

सुकलाल पळाला. गोठ्यातून विळा आणला आणि पाळण्याखाली जमिनीत खुपसला. मुठीपर्यंत.

पाळणा जागच्या जागी थांबला. पुढचा अर्धा झोकाही झाला नाही.

आणि पोर रडलं. मोठ्याने, छाती भरून. जन्मल्यापासून पहिल्यांदा.

सरलाबाई दचकून उठली. तिने पोराला उचललं, त्याच्या ओठाला बोट लावलं, बोट स्वतःच्या जिभेला लावलं. मग सुकलालकडे बघितलं.

"कोन उनं व्हतं?" तिने विचारलं. कोण आलं होतं?

तिसऱ्या प्रहरी सुकलाल मळ्यात खात्याकडे गेला. खात्याने त्याचा चेहरा बघितला आणि हातातली कुदळ खाली ठेवली.

"लाल लोखंड," खात्या म्हणाला. "मी तवयच सांगनार व्हतो, भाऊ."

ती बाई खात्याची बायको होती. दिवलीबाई. दोन महिन्यांचं तान्हं पोर निंबाला झोळीत टांगून ती इंजिनाजवळ काम करत होती. दुपारी बाराला पोर रडलं. ती पाजायला धावली. पट्ट्यावरून धावली. एवढंच.

"आन् पोर?" सुकलालने विचारलं. पत्रात पोराचं काही नव्हतं.

"तीन दिन व्हतं."

"मंग?"

"गावमा चार बाया पाजनाऱ्या व्हत्या, भाऊ. मी चारी दारले गयो. तुमना दारले बी गयो." खात्या निंबाच्या झाडाकडे बघत बोलत होता. "मन्हा पोऱ्याले कोनी पाजं नही."

आपल्या घराचं, गावाचं हे सुकलालला कुणी कधी सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं नव्हतंच. लाज वाटून त्याला तिथे उभं राहवेना.

त्याने मनाशी ठरवलं, ते लाल चुंबक काढून तापीत टाकायचं. पण त्याआधी एकदाच बघायचं होतं, ती गेली का.

खात्या उंबऱ्याबाहेर उभा राहिला. सुकलालने वाटी भरली. गाडी सोडली.

लाल चुंबक... मोकळा रूळ... भिंत.

धक्का नाही. पाणी स्थिर.

"गयी," सुकलाल पुटपुटला. त्याचा जीव भांड्यात पडला. त्याने खटका उलटा केला. गाडी भिंतीपासून निघाली. वीतभर आली...

धक्का.

वाटी आडवी झाली. पाणी रुळावर पसरलं.

त्याने पुन्हा चालवलं. जाताना काही नाही. येताना धक्का. पुन्हा. जाताना काही नाही. येताना धक्का.

आधी ती भिंतीकडे जाताना अडायची. विळा तिला आत येऊ देत नव्हता.

आता ती आतून निघताना अडत होती.

ती आत असताना सुकलालने विळा परत ठेवला होता.

खात्याला गाडीतलं काही कळत नव्हतं, पण हे त्याला सुकलालच्या आधी कळलं. सहा वर्षांत त्याने कधी कुणापुढे हात जोडले नव्हते. ते आता जोडले.

"भाऊ, विळा काढी ल्या. तिले जाऊ द्या. ती कोनले काही करनार नही."

भिंतीपलीकडे पोर झोपलं होतं. पोट भरलेलं पोर झोपतं तसं, सावकाश श्वास घेत. तिसरं पोर. पहिली दोन सुकलालने स्वतःच्या हाताने नदीकाठी पुरली होती.

तो बराच वेळ त्या श्वासाकडे कान देऊन उभा राहिला.

"आज नही, खात्या," तो म्हणाला. "पोर जरा अंग धरू दे. मंग काढसू."

खात्याने हात खाली केले.

शुक्रवारी सर आले. गाडी बघून त्यांनी सुकलालची पाठ थोपटली. येतानाचा एक धक्का त्यांना कळला, दांडा कानाला लावून त्यांनी दोन तास शोधला, शेवटी म्हणाले, असं होऊच शकत नाही. तरी नोकरी दिली. सुकलालने नाही म्हटलं. ज्या बडोद्यासाठी महिनाभर रक्त आटवलं, तिथे जायला तो तयार झाला नाही.

दवाखान्याची गरजच उरली नव्हती. पोर दिवसागणिक भरत होतं. बघायला येणाऱ्या बाया म्हणायच्या, सरलाबाई, शेवटी देवाने ऐकलं. तुला दूध आलं.

सरलाबाई हो म्हणायची.

तिला दूध कधीच आलं नाही.

रोज दुपारी बाराला ती खोलीतून बाहेर यायची आणि ओट्यावर बसायची, दाराकडे पाठ करून. एक वाजेपर्यंत. आतून कुर्र कुर्र ऐकू यायचं. एकदा सुकलालने तिला विचारलं, भीती वाटते का? ती म्हणाली, "भीती नही. पोर मन्हाकडे देखत नही, दुपारले. भिंतकडे देखीसन हसस." आणि तिने पदर तोंडाला लावला.

खात्याने ते साल पुरं केलं आणि तोरणमाळकडे निघून गेला. पण दरवर्षी वैशाखात एक दिवस यायचा. घरात यायचा नाही, पाणी मागायचा नाही. खोलीच्या भिंतीला बाहेरून कपाळ टेकवून उभा राहायचा. मग जायचा. एका वर्षी आला नाही, तेव्हा आम्ही समजलो.

आम्ही म्हणजे मीसुद्धा.

ते पोर मीच होतो.

हे तुम्ही कधीच ओळखलं असेल. मला मात्र आबांनी सांगेपर्यंत काही माहीत नव्हतं. खात्या भिंतीला कपाळ का टेकवतो, आई कायम दुपारी ओट्यावर का बसते, त्या खोलीची जमीन कधी उकरायची नाही असं घरात का ठरलंय, काही नाही.

"तू वर्षाचा झाला की काढणार होतो," आबा म्हणाले. "मग वाटलं, चालायला लागू दे. मग गोवर निघाला तुला. मग शाळा... मला भीती वाटायची. जाताना तिने तुला सोबत नेलं तर?" त्यांनी माझं मनगट दाबलं. "माझ्याच्याने झालं नाही. तू काढ. गाडी चालव आणि तिला सोड."

चार दिवसांनी आबा गेले. आई त्याआधीच गेली होती.

गेल्या वैशाखात मी गुदाम उघडलं. रूळ होता तसाच होता. लाल चुंबकसुद्धा. मी गाडीची तार बदलली, नवी बॅटरी लावली, वाटी भरून ठेवली. खरं सांगतो, हसतच केलं. म्हाताऱ्याची शेवटची इच्छा, एवढंच मनात होतं.

गाडी गेली. पाणी हललं नाही.

गाडी परत निघाली...

वाटी आडवी झाली.

मी खोलीत गेलो. पाळणा कधीच माळ्यावर गेला, पण विळ्याची मूठ जमिनीत दिसते. मी खाली बसलो. मूठ धरली. खालचं पातं गंजून माती झालं असणार, मूठ नुसती ओढली असती तरी निघाली असती.

तेव्हा रॉकेलचा वास आला.

आणि माझ्या डोक्यावरून... टकलावरून... एक हात फिरला. गार, खरखरीत, सावकाश. झोपवताना फिरवतात तसा.

मी साठ वर्षांचा माणूस. मला जन्मल्यापासून ओळखणारं जगात कुणी उरलेलं नाही. एक तेवढं उरलंय, त्या खोलीत.

मी मूठ सोडली.

तिच्यावर अन्याय होतोय हे मला कळतं. तिच्या पोराला कुणी पाजलं नाही, तिने मला पाजलं, आणि आम्ही बापलेकांनी तिला साठ वर्षं कोंडून ठेवलंय. खात्याचं कपाळ टेकून टेकून भिंतीवर पडलेला डाग अजून आहे. मी तिकडे बघायचं टाळतो.

उद्या काढतो, असं मी रोज सकाळी ठरवतो.

आबाही हेच म्हणायचे.